पलटण, कंपू आणि कॉम्प्युटर



आजच्या भागाचा विषय आहे संगणकाचे अगदी पहिले शब्द. हार्डवेअर, सॉफ्टवेअर, फाईल, फोल्डर, बिट, बाइट, प्रोग्राम, लूप, बग. पण आपली मालिका इतिहासाची आहे, त्यामुळे सुरुवात संगणकापासून करत नाही. सुरुवात करतो एका दगडी स्तंभापासून.

मी राहतो नोएडाला. इथल्या गोल्फ कोर्सच्या आवारात हा जुना स्तंभ उभा आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी इथे लढाई झाली. एका बाजूला इंग्रजांचा सेनापती जनरल लेक, दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंद्यांचं कवायती सैन्य. त्या दिवशी शिंद्यांच्या सैन्याचा सेनानी होता लुई बुर्कां नावाचा फ्रेंच माणूस. इंग्रज जिंकले, दिल्लीत शिरले आणि त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावच्या तहाने गंगा-यमुनेमधला हा सगळा मुलूख शिंद्यांच्या हातून गेला. ते सुर्जी-अंजनगाव म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातलं अंजनगाव सुर्जी. म्हणजे मी जिथे बसून हे बोलतोय, त्या जमिनीच्या मालकीचा कागद विदर्भात लिहिला गेला!

पण आज मला लढाईपेक्षा त्या सैन्याच्या तोंडचे शब्द जास्त महत्त्वाचे वाटतात.

पलटणीबरोबर आलेले शब्द

महादजी शिंद्यांनी द बॉयन या सेनानीला नोकरीत घेतलं आणि युरोपीय पद्धतीची पायदळं उभी केली. नवी बंदूक, नवी कवायत, नवी रचना. आणि नवी वस्तू आली की तिचं नावही दारात येऊन उभं राहतं. या सैन्याच्या तुकडीला मराठीत म्हणू लागले पलटण. मोठ्या तुकडीला, ब्रिगेडला, म्हणू लागले कंपू. दोन्ही शब्द मुळात युरोपातले. आज सातारा जिल्ह्यातली आजी 'पोरांची पलटण आली' म्हणते तेव्हा तिला हा शब्द परका वाटतो का? आणि 'त्यांचा एक कंपू आहे' असं आपण कचेरीतल्या चौकडीबद्दल म्हणतो, तेव्हा शिंद्यांच्या तोफा आठवतात का? शब्द आला, घरात राहिला, घरचा झाला.

ही झाली एक वाट: वस्तू घ्या, नावही घ्या.

दुसरी वाट आपल्याकडे त्याच्याही आधी चोखाळलेली आहे. शिवाजी महाराजांच्या काळात कारभाराची भाषा फारसीने भरलेली होती. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची नावं बदलली. पेशवा झाला पंतप्रधान, मुजुमदार झाला अमात्य, सुरनीस झाला सचिव, वाकनीस झाला मंत्री, डबीर झाला सुमंत, सरनौबत झाला सेनापती. पुढे महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला. त्यात कारभारातल्या सुमारे चौदाशे फारसी-दखनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले.

आता निकाल बघा. मंत्री, सचिव, सेनापती हे शब्द आज रोजच्या बातम्यांत आहेत. मुंबईतल्या इमारतीचं नाव मंत्रालय आहे. म्हणजे कोश जिंकला. पण पेशवा? तो शब्द काढून टाकलेला होता, तरी पुढचं अख्खं शतक 'पेशवाई' म्हणूनच ओळखलं गेलं. म्हणजे कोश हरलासुद्धा. कुठला शब्द टिकणार हे कोश करणाऱ्याच्या हातात पूर्णपणे कधीच नसतं.

या दोन वाटा लक्षात ठेवा. संगणकाच्या शब्दांना मराठीत आणताना आपण आजही याच दोन वाटांवर उभे आहोत.

नाव हेच एक संक्षेप

आता नोएडा. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं, हे एखाद्या जुन्या गावाचं नाव असेल. तसं काही नाही. न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट अथॉरिटी, या पाच शब्दांची आद्याक्षरं जोडली की होतं नोएडा. ओखला ही यमुनेपलीकडची दिल्लीतली औद्योगिक वसाहत. तिच्या जोडीला नवी वसाहत हवी म्हणून १७ एप्रिल १९७६ रोजी हे प्राधिकरण स्थापन झालं आणि सरकारी कार्यालयाचं नाव लाखो लोकांच्या गावाचं नाव बनलं.

संगणकाच्या जगात हे पावलोपावली घडतं. रॅम म्हणजे रँडम ॲक्सेस मेमरी, रॉम म्हणजे रीड ओन्ली मेमरी. आद्याक्षरं जोडली, शब्द म्हणून उच्चारली, झालं नाव. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कामाला लागलेल्या आपल्या देशी संगणकाचं नावही तसंच, टिफ्रॅक.

आणि योगायोग असा की ज्या १९७६ साली नोएडा जन्मलं, त्याच वर्षी शिव नाडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदुस्तान कॉम्प्युटर्स लिमिटेड, म्हणजे एचसीएल, ही कंपनी काढली. तिच्यात उत्तर प्रदेश सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाची भागीदारी होती. १९७८ मध्ये तिने आपला मायक्रोकॉम्प्युटर बाजारात आणला. त्याच सुमारास परकीय कंपन्यांच्या मालकीबाबतच्या नियमांवरून आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला होता. आज एचसीएलचा मोठा पसारा इथे नोएडातच आहे. सेक्टर ६२ मध्ये सी-डॅकचं केंद्रही आहे, ज्या सी-डॅकची सुरुवात १९८८ साली पुण्यात विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली झाली.

अशा या गावात, जिथे चहाच्या टपरीवरही कोडिंगच्या गप्पा चालतात, एक माणूस संगणकाच्या शब्दांपुढे हरला. त्याची गोष्ट सांगतो.

काकू वर्गातून उठल्या

आमच्या सोसायटीत सोलापूरच्या एक काकू राहतात. मुलाच्या नोकरीमुळे उतारवयात इकडे आल्या. इथल्या मराठी मंडळींच्या वर्गणीचा हिशोब त्या वहीत ठेवायच्या, एका पैशाची चूक नाही. कोणीतरी म्हणालं, काकू, आता हे कॉम्प्युटरवर करा. त्या हौसेने एका शिकवणीवर्गाला गेल्या आणि आठवड्याभरात परत आल्या.

मी विचारलं, काय झालं? तर म्हणाल्या, "अरे, त्या मुलाने विचारलं, हार्डवेअर म्हणजे काय. मी म्हटलं खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे. सगळा वर्ग हसला. आता या वयात हसू करून घ्यायचं नाही बाबा."

मंडळी, त्या दिवशी मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला. कारण काकूंचं उत्तर बरोबर होतं! हार्डवेअर या शब्दाचा शेकडो वर्षांचा अर्थ तोच आहे, लोखंडी सामान. आपल्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात आजही तेच मिळतं. यंत्राचा जो भाग हाताला लागतो, जो पडला तर पायाला इजा होईल, त्याला संगणकवाल्यांनी तोच शब्द लावला. मग जो भाग हाताला लागत नाही, ज्या नुसत्या सूचना असतात, त्याला गमतीने जोडीचा शब्द केला सॉफ्टवेअर. जॉन टुकी या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने १९५८ साली एका लेखात तो छापला आणि तो रूढ झाला.

इथे माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. संगणकाचे बहुतेक शब्द मुळात घरातले, बाजारातले, कचेरीतले साधे शब्द आहेत. इंग्रजी घरातल्या मुलाला शब्दाबरोबर त्याचं चित्र फुकट मिळतं. माउस म्हटलं की त्याला उंदीर दिसतो, विंडो म्हटलं की खिडकी. आपल्या मुलाला, आपल्या काकूंना मिळतो फक्त आवाज. चित्र वाटेत गळून पडतं. आणि नुसता आवाज पाठ करणारा माणूस स्वतःलाच मंद समजायला लागतो. ते गळालेलं चित्र परत लावून देणं, एवढं काम शब्दाचा इतिहास करू शकतो. मग मी काकूंकडे जाऊन बसलो आणि आम्ही एकेक शब्द उघडायला लागलो.

एकेक शब्द उघडूया

पहिला शब्द कॉम्प्युटर. सतराव्या शतकापासून इंग्रजीत हा शब्द माणसासाठी होता. कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कचेऱ्यांमध्ये कॉम्प्युटर या पदावर माणसं नेमत, त्यात पुष्कळ स्त्रिया होत्या. १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक या यंत्रावर पहिले प्रोग्राम बसवणाऱ्या सहाही जणी स्त्रियाच. पुढे काम यंत्राकडे गेलं, नावही गेलं. आपल्याकडे गणक म्हणजे हिशोबनीस किंवा ज्योतिषी, माणूसच. त्याला सम् हा उपसर्ग लावून संगणक केला. म्हणजे आपला शब्दही त्याच वाटेने चालला.

इतरांनी काय केलं तेही पाहा. फ्रेंचांनी १९५५ साली ऑर्दिनातर हा शब्द घेतला, म्हणजे व्यवस्था लावणारा. चिनी लोक म्हणतात विजेचा मेंदू. आइसलँडमध्ये आकडा आणि भविष्य सांगणारी बाई हे दोन शब्द जोडून नवा शब्द बनवला, तोल्वा. तमिळने कणिनी केला. हिंदीत शब्दावली आयोगाने अभिकलित्र सुचवला, पण इथे नोएडात सगळे कंप्यूटरच म्हणतात. मराठीत मात्र संगणक शाळेच्या पाटीवर चढला आणि टिकला. उच्चारायला सोपा आणि मूळ ओळखीचं, म्हणून टिकला असं मला वाटतं.

फाईल आणि फोल्डर. फाईलचं मूळ लॅटिनमध्ये आहे, अर्थ धागा. कागद धाग्यात ओवून ठेवत. फोल्डर म्हणजे ज्याच्या घडीत कागद राहतात ते. काकूंना मी सांगितलं, पुण्याच्या पेशवे दप्तरात जुने कागद कापडात बांधून ठेवलेले असतात, त्या बांधलेल्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. एक कागद म्हणजे फाईल, रुमाल म्हणजे फोल्डर, आणि एका मोठ्या रुमालात लहान रुमाल ठेवता येतात. काकू म्हणाल्या, "मग वर्गणीचा एक रुमाल, गणपतीच्या खर्चाचा दुसरा." झालं काम.

आता प्रोग्राम. याला काकूंनीच वाट दाखवली. त्यांचे यजमान सोलापुरात चादरीच्या कारखान्यात होते. सोलापुरी चादरीवरची नक्षी जेकार्ड मागावर होते. फ्रान्सच्या लियों शहरातल्या जाकारने १८०४ च्या सुमारास हे तंत्र बसवलं. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडलेली असतात. जिथे भोक आहे तिथला उभा धागा उचलला जातो, जिथे नाही तिथला खालीच राहतो. कार्डांची माळ बदलली की त्याच मागावर मोराऐवजी वेल उमटते. माग हे हार्डवेअर, कार्डांची माळ हा प्रोग्राम! ही उपमा मी ओढून आणलेली नाही. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच कार्डं घेतली. त्या यंत्रावर एडा लव्हलेसने १८४३ साली लिहिलेल्या टिपणांत जाकारच्या मागाशी तुलना आहे. १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेत होलेरिथने भोकं पाडलेली कार्डं वापरली आणि त्याच्याच कंपनीतून पुढे आयबीएम उभी राहिली. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आमचे हे आयुष्यभर तेच करत होते की."

भोक आहे किंवा नाही. या दोनच शक्यतांना म्हणतात बिट. दोनच अंकांच्या पद्धतीतला एक अंक. क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या लेखात हा शब्द वापरला आणि त्याचं श्रेय दिलं पुन्हा त्याच टुकींना. मराठी शाळेत वृत्तं शिकलेल्याला ही गोष्ट नवीन नाही. अक्षर एक तर लघू, नाही तर गुरू. तीन अक्षरांचा गण घेतला तर किती गण होतात? दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. य, र, त, न, भ, ज, स, म. पिंगलाच्या छंदशास्त्रात ही मांडणी आहे. याचा अर्थ संगणक आपण शोधला असा नाही, तसं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अर्थ एवढाच की ही मोजणी आपल्या ओळखीची आहे. तीन जागांना आठ शक्यता, तर आठ जागांना २५६. आठ बिटांचा गट म्हणजे बाइट. हा शब्द वेर्नर बुखहोल्झ यांनी १९५६ मध्ये आयबीएममध्ये काम करताना काढला.

अल्गोरिदम हा शब्द ऐकायला सर्वांत भीतीदायक, आणि तो निघाला एका माणसाच्या नावावरून. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी नावाचे गणिती होते. भारतीय अंकांनी हिशोब कसा करायचा यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. ते लॅटिनमध्ये गेलं तेव्हा त्यांच्या नावाचं झालं अल्गोरित्मी. म्हणजे शून्यासह आपले अंक ज्या वाटेने युरोपात गेले, त्याच वाटेवर हा शब्द जन्मला. अर्थ सोपा: ठरलेल्या क्रमाने करायच्या पायऱ्या, ज्यांना शेवट आहे. पुरणपोळीची कृती सांगताना 'अंदाजाने' म्हटलं की सूनबाई अडते. संगणकही अडतो. अंदाज काढून टाकलेली कृती म्हणजे अल्गोरिदम.

व्हेरिएबल म्हणजे बीजगणितातला चल. नाव लावलेला डबा, आत आज तांदूळ, उद्या डाळ. लूप म्हणजे वेढा, पण त्याला मला आवर्तन हा शब्द फार आवडतो. तबलजी तीनतालाच्या सोळा मात्रा वाजवतो आणि समेवर येऊन पुन्हा तेच सुरू करतो. किती आवर्तनं, हे मात्र आधी ठरलेलं हवं. थांबायचं कधी हेच सांगितलं नाही, तर संगणक बिचारा वाजवतच राहतो.

आणि बग, म्हणजे किडा. यंत्रातल्या खोडीला बग म्हणण्याची पद्धत जुनी, एडिसनच्या १८७८ च्या पत्रातही आहे. पण ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या संगणकात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि शेजारी लिहून ठेवलं की खराखुरा किडा सापडण्याची ही पहिलीच खेप. ती वही आजही संग्रहालयात आहे. त्या चमूत होत्या ग्रेस हॉपर. याच बाईंनी १९५२ मध्ये कंपायलर हा प्रकार पुढे आणला. माणसाला झेपेल अशा भाषेत लिहायचं आणि यंत्राला कळेल अशा सूचनांत त्याचं रूपांतर यंत्रानेच करायचं. पूर्वी दरबारात दुभाषा असे. तोच हा, फक्त कागदावर चुकीला माफी नसलेला.

आपलं अक्षर यंत्रात कसं शिरलं

शब्द कळले, पण ते लिहायचे कसे? यंत्रं आली ती रोमन अक्षरं घेऊन. आयआयटी कानपूरच्या मंडळींनी देवनागरी संगणकाचा नमुना तयार केला आणि १९८३ साली दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनात तो दाखवला. त्याच कामातून पुढे जिस्ट तंत्र आलं. मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी ते घेऊन पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरलं. युक्ती अशी, की बाइटच्या २५६ जागांपैकी खालच्या १२८ इंग्रजीला आणि वरच्या १२८ आपल्या लिपीला. एका बाइटमध्ये दोन भाषांचा संसार. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या आराखड्यावरच बेतलेली.

तरी मराठीची एक अडचण राहिलीच. इथे नोएडाच्या जाहिरातींत लिहितात 'ऐप'. आपण लिहितो 'ॲप'. अ वर चंद्र देऊन लिहायचं हे अक्षर हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये त्याला स्वतःची जागा मिळाली २००८ साली. तोवर आपण 'अॅ' असं जोडून जोडून चालवत होतो. ॲप, ॲड्रेस, ॲरे हे संगणकाचेच शब्द संगणकावर धड लिहायला मराठीला २००८ उजाडावं लागलं!

याची किंमतही मोजावी लागते. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या चिन्हाला तीन. इंग्रजी कॉम्प्युटर हा शब्द आठ बाइटांत बसतो, आपला संगणक पंधरा बाइट घेतो. मोबाइलच्या साध्या संदेशात इंग्रजी अक्षरं १६० मावतात, मराठी ७०. एका बाइटचा हिशोब ज्याला कळला, त्याला हेही कळतं की भाषेचा प्रश्न नुसत्या अभिमानाचा नसून जागेचा आणि पैशाचाही आहे.

मग कुठला शब्द घ्यायचा?

१९६० मध्ये महाराष्ट्रात भाषा संचालनालय स्थापन झालं. त्याने पदनाम कोश काढला तेव्हा लोकांनी 'बदनाम कोश' म्हणून थट्टा केली. पण त्यातले कितीतरी शब्द आज आपण न अडखळता वापरतो. २००१ साली एमकेसीएल आली आणि एमएस-सीआयटीमुळे गावोगावच्या पोरांनी मराठी पुस्तकातून संगणक शिकला. तिथे संगणकही होता आणि माउसही होता, दोघांचं भांडण झालं नाही.

माझं मत विचाराल तर शिवरायांची वाट आणि महादजींची वाट, दोन्ही आपल्याच आहेत. संगणक, चल, आवर्तन हे शब्द बोलके आहेत, ते वापरावेत. फाईल, बिट, माउस हे पलटणीसारखे घरचे झालेत, त्यांना हाकलू नये. आपण शिकवताना एवढंच पथ्य पाळावं: शब्द कुठलाही घ्या, पण तो उघडून द्या. आणि कोणी 'खिळे, बिजागऱ्या' असं उत्तर दिलं तर हसू नका. तो माणूस बरोबर दारात उभा आहे, त्याला फक्त आत बोलवायचं आहे.

काकूंचा हिशोब आता संगणकावर असतो. त्यांच्या फोल्डरची नावं त्यांनी मराठीत दिली आहेत. पहिल्याचं नाव आहे 'वर्गणीचा रुमाल'.

तुमच्या घरात अशा कोणी काकू, मामा, आजोबा असतील, तर आज त्यांना एकच शब्द उघडून दाखवा. पुढच्या भागात आपण बोलणार आहोत मराठी टंकलेखन यंत्राविषयी, तोवर रजा घेतो. नमस्कार.